गडगडीचं माहेर

या गं, या, सरका जवळ. एकदा काय झालं, आंबेखिंडीच्या डोंगरात एक राक्षसीण राहायची. नाव तिचं गडगडी. ती चालली की खालच्या गावातली भांडी फळीवरून धडाधड पडायची. माणसं नाही हं खायची ती, पण शेळ्या पळवायची. मग कोण जातंय तिच्या वाटेला!

मग गडगडीला दिवस गेले. पहिलंच बाळ! नवरा सात डोंगरांपलीकडे चाकरीला. नववा महिना लागला, तसं पोट एवढं झालं की तिला स्वतःचे पाय दिसेनात. एक दिवस ती शेळीमागे धावली, चार पावलं टाकली आणि मटकन खाली बसली. शेळी गेली पळून. गडगडीला रडूच फुटलं.

तिकडून चालली होती गावची सुईण, ठकूमावशी. डोक्यावर सरपणाची मोळी. राक्षसिणीला बघून तिची बोबडीच वळली. पण मग तिला ते पोट दिसलं. मोळी खाली टाकून म्हणते कशी, "कितवा गं?"

"नववा," गडगडी हुंदके देत म्हणाली.

"आणि काय खावंसं वाटतं?"

"शेळी नको वाटते. चिंच हवी."

झालं! पोटुशी बाई, मग ती राक्षसीण का असेना, तिचे डोहाळे पुरवायलाच हवेत. ठकूमावशीने बायका गोळा केल्या. सगळ्या भीत भीत वर गेल्या. आधी टोपलीभर चिंचा दिल्या. गडगडीने मिटक्या मारत खाल्ल्या, तसं पोटात बाळ टुणकन उडालं. मग तिच्या सुजलेल्या पायांना तेल लावलं. एकेका पायाला सहा सहा जणी, बरं का! जन्मात कुणी तिचे पाय चेपले नव्हते. मग तिला डोहात नेऊन बसवलं. आणि जिच्या पावलांनी जमीन हादरायची, ती पाण्यावर चक्क तरंगली! ओझं कुठल्या कुठे गेलं. पाण्याबाहेर नुसती पोटाची टेकडी, तिच्यावर येऊन बसला खंड्या पक्षी. बाळाने आतून लाथ मारली, खंड्या उडाला. पुन्हा बसला, पुन्हा लाथ! गडगडी खुदकन हसली. ती हसते, हे गावाला ठाऊकच नव्हतं.

मग रोज चिंचा, रोज तेल, रोज डोह. अकरा हिरवी लुगडी जोडून तिला नेसवलं, भोपळ्याच्या फुलांच्या माळा घातल्या. इतकं सुख तिने कधी पाहिलंच नव्हतं.

नऊ महिने झाले. वर नऊ दिवस झाले. बाळ काही येईना.

"कळा येतात का गं?" ठकूमावशी विचारायची.

"नाही," गडगडी म्हणायची. खोटं बोलायची. कळ आली की दात आवळायची आणि पोटावर हात ठेवून हळूच सांगायची, "थांब रे राजा, इतक्यात नको."

एका सकाळी ठकूमावशीने पोटाला हात लावला आणि तिचा चेहरा उतरला. बाळ हलत होतं, पण अगदी कसंबसं.

"गडगडे, लेकरू दमलंय. का अडवतेस त्याला?"

गडगडीच्या डोळ्यांतून टपाटपा पाणी आलं. "मावशी, बाळ आलं की तुम्ही सगळ्या जाल. मग मला कोण विचारणार? परत सगळी भिऊन पळतील."

ठकूमावशीला भरून आलं. तिने गडगडीचं भलंमोठं बोट छातीशी धरलं. "अगं वेडे, पहिलं बाळंतपण माहेरी असतं ना? आम्ही तुझं माहेर. लेक बाळंत झाली म्हणून माहेर कुठे निघून जातं का? अजून तर शेक-शेगडी व्हायचीय, अळिवाची खीर करायचीय. सोड त्याला."

गडगडीने मोठा श्वास सोडला. आणि बाळ आलं! मुलगी! ती असं काही रडली, की गावातली सगळी भांडी पुन्हा धडाधड पडली. पण या वेळी कुणी पळालं नाही. सगळे खीर घेऊन वर धावले.

तेव्हापासून शेळ्या सुखात, गाव सुखात. आणि त्या मुलखात ज्या पोरीला आई नसेल, ती पहिल्या बाळंतपणाला गडगडीकडे जाते. गडगडी तिला डोहावर नेते. एका करंगळीने अलगद तिचे पाय चेपते आणि सांगते, "बाळ आलं तरी मी आहे हं."

चला, पसरा पाहू पाय. मीही चेपून देते. डोळे मिटा आता. मी आहे इथेच.