केरबा कासाराचं डावं-उजवं

कोळेवाडीत एक भोळा कासार राहायचा. केरबा त्याचं नाव. हात मऊ, जीभ गोड आणि डोकं अगदी कोरं. त्याला कोणी काही सांगितलं की तो ते जसंच्या तसं करायचा. सांगणारा नंतर पस्तावायचा. केरबा कधीच पस्तावला नाही.

एका वर्षी केरबाला झोप यायला लागली. रात्रीची नव्हे, ती सगळ्यांनाच येते. ह्याला बांगड्या भरता भरता यायची. बाईनं हात पुढं करावा, केरबानं तो धरावा, दोन बांगड्या चढवाव्यात आणि तिसरीला घोरायला लागावं. बाई बिचारी हात अडकवून बसून राहायची. पोस्टमास्तरांच्या म्हाताऱ्या आईचा हात तर तो जेवणवेळेपर्यंत धरून झोपला होता. म्हातारी भली. ती पण झोपली.

केरबाची बायको अनुसया शहाणी होती. घरात एकानं तरी असावं लागतं. तिला घोर वेगळाच होता. फाल्गुनात बापूसाहेब जगदाळ्यांच्या लेकीचं, शालनचं लग्न होतं आणि जगदाळ्यांच्या नवरीचा हिरवा चुडा भरायचा मान पिढ्यान्‌पिढ्या केरबाच्या घराचा. कोळेवाडीची रीत अशी, की नवरीचा चुडा ज्या कासारानं भरायला घेतला त्यानंच तो पुरा करायचा. मध्येच दुसऱ्याचा हात चालत नाही. बापूसाहेबांनी निरोप धाडला होता, केरबा असाच पेंगणार असेल तर आत्ताच सांगा, तालुक्याहून दुसरा कासार बोलावतो. हे काम गेलं की मागोमाग सगळं गाव जाणार, हे अनुसयेला कळत होतं. तिनं नवऱ्याला एसटीत घातलं आणि तालुक्याला डॉक्टर शहापुऱ्यांकडं नेलं.

डॉक्टरांनी सकाळचं रक्त तपासलं, मग पुन्हा एकदा तपासलं. म्हणाले, पुरुषाच्या अंगात टेस्टोस्टेरॉन नावाचं एक द्रव्य असतं, ते तुमच्यात फार कमी झालंय, म्हणून ही मरगळ. केरबानं मिशीला हात लावून पाहिला. ती जागेवर होती. डॉक्टर म्हणाले, मिशीत नाही, रक्तात बघायचं. औषध बाहेरून द्यावं लागेल. त्याच्या चार तऱ्हा. खांद्याला चोळायचं जेल, अंगाला चिकटवायची पट्टी, पोटात घ्यायची गोळी आणि इंजेक्शन. जेल सगळ्यांत महाग, मग पट्टी, मग गोळी. इंजेक्शन स्वस्त. परवडेल आणि झेपेल ते निवडा.

अनुसया म्हणाली, इंजेक्शन. केरबा म्हणाला, छे. गिऱ्हाइकापुढं महाग माल आधी मांडायचा आणि स्वस्त शेवटी, हा आमच्या धंद्याचा नियम. आज गिऱ्हाईक तो स्वतःच होता, पण नियम तो नियम. अनुसयेनं पैशांची पिशवी सोडली.

तर जेल आलं. डॉक्टरांनी बजावलं, सकाळी चोळा, वाळू द्या, बाईमाणसाचा हात लागू देऊ नका, त्यांना ते बाधतं.

"बरं डाक्टर. तसंच करतो," केरबा म्हणाला.

आणि तसंच केलं. उघड्याबंब अंगानं ओट्यावर बसला. बांगड्या भरायला बाई आली की तो ओरडायचा, "लांब. हात लावायचा नाही." मग तो ओट्यावरून बांगड्या फेकायचा आणि बायका खालून झेलायच्या. ज्यांना झेलता येत नव्हतं त्यांच्या पायांशी काचांचा सडा. अनुसयेनं चहा दिला तर म्हणाला, जमिनीवर ठेव आणि मागं सर. ट्यूब संपली तोवर निम्मं दुकान फुटलं होतं.

डॉक्टरांनी डोक्याला हात लावला. "अहो केरबा, वाळलं की वरून सदरा घालायचा. सदरा असला की काही होत नाही. सदरा विसरू नका."

"आदी सांगायचं की वो. आता सदरा विसरत न्हाई."

जेलला पैसे उरले नव्हते, म्हणून पट्टी आली. पट्टी पोटाला किंवा पाठीला चिकटवायची होती. केरबा सदरा विसरला नाही. त्यानं आधी सदरा घातला, बटणं लावली आणि वरून पट्टी चिकटवली. दुसऱ्या दिवशी दुसरी, तिसऱ्या दिवशी तिसरी. गावानं विचारलं, हे काय? केरबा म्हणाला, औषध. अनुसयेनं सदरा धुवायला नेला तेव्हा पट्ट्या सुटल्या आणि धुण्याच्या दगडाला जाऊन बसल्या. ते महागाचं औषध सगळं दगडानं खाल्लं. केरबा घोरतच होता.

"अहो, उघड्या अंगाला लावायची," डॉक्टर म्हणाले. "सदरा काढून. आणि रोज जागा बदलायची. कालची जागा आज नको."

"आदी सांगायचं की वो. आता रोज जागा बदलतो."

पण पट्टीचेही पैसे संपले होते, म्हणून गोळी आली. गोळी जेवणाबरोबर घ्यायची होती. केरबानं सदरा काढला आणि जागा बदलली. पहिल्या दिवशी जेवायला शिंप्याकडं, दुसऱ्या दिवशी गुरवाकडं, तिसऱ्या दिवशी शाळेच्या मास्तरांकडं. उघडाबंब आत शिरायचा, पाट ओढायचा आणि ताटावर बसायचा. कोणी विचारलं तर खुशाल सांगायचा, काल त्यांच्याकडं झालं, आज तुमच्याकडं, डॉक्टरांचा हुकूम आहे. अर्ध्या गावात जेवून झालं तेव्हा लोकांनी दारं लावून जेवायला सुरुवात केली. अनुसयेची मान वर होईना. ज्या ज्या घरी हा जेवला, तिथं तिथं ती शिधा पोचवत होती. गोळी पट्टीपेक्षा स्वस्त होती, पण शिध्यानं कंबर मोडली.

डॉक्टरांनी ह्या वेळी खुर्चीतून उठून सांगितलं. "घरी जेवा. सदरा घालून जेवा. चांगलं तूप घालून जेवा. पोटात जेवण गेल्याशिवाय हे औषध अंगी लागत नाही."

"आदी सांगायचं की वो. आता जेवल्याबिगर औषध न्हाई."

लग्नाला जेमतेम दोन महिने उरले होते. पिशवीत उरलं होतं ते इंजेक्शनपुरतंच. अनुसयेला रडू येत होतं, पण ती रडली नाही. पहिल्याच दिवशी स्वस्त घेतलं असतं तर, एवढंच म्हणाली.

केरबा डबा घेऊनच दवाखान्यात गेला. सिस्टरनं त्याला पालथं झोपायला सांगितलं. तो पालथा झोपला, हनुवटीखाली डबा उघडला आणि पुरणपोळीवर तूप ओतलं. सिस्टर सुई घेऊन उभी राहिली. केरबा म्हणाला, थांबा, घास गिळू द्या. तिनं कमरेखाली टोचलं तेव्हा तो दुसरी पोळी खात होता. तूप चादरीवर सांडलं. डॉक्टर दारातून पाहत होते. त्यांनी आता रागावणंही सोडलं होतं. पण इंजेक्शन एकदाचं अंगात गेलं, हे खरं.

मग त्यांनी केरबाला समोर बसवलं आणि एकेक शब्द सावकाश सांगितला. "आज डाव्या बाजूला दिलंय. पुढचं तीन आठवड्यांनी, उजव्या बाजूला. दोन्हीकडं एकदम कधीच नाही. कोणी कितीही गळ घातली तरी नाही. आणि पैसे त्या त्या वेळचे त्या त्या वेळी."

"हे ब्येस सांगितलंसा," केरबा म्हणाला.

आणि आश्चर्य असं, की इंजेक्शन लागू पडलं. डावं झालं, उजवं झालं, पुन्हा डावं झालं आणि केरबाची झोप पळाली. पहाटे उठायला लागला. खाली पाय न टेकता सायकलवरून घाट चढायला लागला. दिवसभर डोळा मिटेना. अनुसयेनं बापूसाहेबांना निरोप धाडला, काळजी नको, माणूस जागा झालाय.

लग्नाच्या आदल्या दिवशी जगदाळ्यांच्या माजघरात सगळ्या बायका जमल्या. केरबानं शालनचा डावा हात हातात घेतला. एक बांगडी फुटली नाही, एक ओरखडा उठला नाही. मनगट हिरवंगार झालं. बापूसाहेब दारातून पाहत होते. त्यांचा जीव भांड्यात पडला.

केरबानं पेटी बंद केली आणि तो उठला.

"उजवा हात?" शालननं विचारलं.

"तीन आठवड्यांनी."

बायकांना वाटलं थट्टा करतोय. केरबा थट्टा करत नव्हता. त्याला ती येतच नव्हती. बापूसाहेबांनी गळ घातली, मग हात जोडले, मग आवाज चढवला. जितकी गळ घालावी तितका केरबा घट्ट. दोन्हीकडं एकदम नाही म्हणजे नाही. बापूसाहेबांनी सगळे पैसे पुढं केले. त्यातले निम्मे त्यानं परत केले, आज डाव्याचेच झाले म्हणाला. मग सायकलवर टांग मारून निघाला. बापूसाहेबांचे दोन भाचे मोटारसायकलवरून मागं लागले. केरबानं त्यांना पाहिलं आणि पाय मारले. घाटात भाच्यांची गाडी धापा टाकून बंद पडली. केरबा वरच्या वळणावर दिसेनासा झाला. इंजेक्शन खरंच चांगलं होतं.

दुसऱ्याचा हात चालत नव्हता. मुहूर्त थांबत नव्हता. शेवटी शालनचा उजवा हात शेल्यात गुंडाळला आणि तसंच लग्न लावलं. अर्ध्या चुड्याची गोष्ट सासरी कळली तर पोरीला जन्मभर ऐकावं लागेल, म्हणून बापूसाहेबांनी घरातल्या प्रत्येकाला शपथ घातली. अनुसयेलाही घातली. केरबाला घालायची राहिली, कारण तो सापडलाच नव्हता. सासरी शालन पदराआड हात ठेवून वावरू लागली.

तीन आठवडे झाले. शालनच्या सासरी सकाळची माणसं चहाला बसली होती. दारात सायकल थांबली. पेटी काखोटीला मारून केरबा आत आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "उजवा हात."

शालनच्या हातातली कपबशी पडली. पदर सरकला आणि मोकळं मनगट दिसलं. सासू चहा ठेवून उठली. मोठी करारी बाई. तिनं सुनेकडं पाहिलं, मग केरबाकडं.

"चुडा अर्धाच का भरला होता?"

"डाक्टरांनी सांगितलंय," केरबा म्हणाला. "आदी डावं. तीन आठवड्यांनी उजवं."

"डॉक्टरांनी? कसल्या आजारावर?"

केरबाला खोटं बोलता येत नव्हतं. "पुरुषात पुरुषाचं द्रव्य कमी पडलं, की असं देत्यात."

सासूनं सुनेकडं पुन्हा पाहिलं नाही. तिनं हळूहळू मान वळवली आणि आपला मुलगा बसला होता तिकडं पाहिलं.

मुलगा चहा तसाच टाकून मागच्या दारानं शेतात निघून गेला होता.