वाळूची दारे आणि राजकन्या चारुमती

एका राज्यात नदीतून पाण्याऐवजी उजेड वाहत असे. तिथल्या राजकन्येचे नाव चारुमती. धाकटा भाऊ कुवलय मोठा खट्याळ, पण तिचा त्याच्यावर फार जीव. वज्रजट नावाच्या जादूगाराने ती नदी आपल्या महालात वळवली आणि आडव्या आलेल्या कुवलयाचा राघू केला. राज्य अंधारात बुडाले. राघूला खांद्यावर घेऊन चारुमती महालात शिरली.

वज्रजट म्हणाला, "तीन दिवे मी सांगेन तसे लाव. शाप सुटेल, नदीही सुटेल. चुकलीस तर तूही पक्षी. आणि त्वरा कर. तुझा भाऊ माणसांची बोली विसरत चालला आहे."

त्याने तिला वाळूची दारे दिली आणि दोन स्फटिक, एक तिच्यासाठी, एक राघूसाठी. स्फटिकाला शिवले की उजेडाचा केसाएवढा तंतू निघून दाराच्या कपाळी लागे. तेवढ्याने दार उघडे आणि मागे तुंबलेला उजेडाचा लोट धो धो वाहू लागे. स्पर्श सुटला की दार मिटे. एरवी हत्तीच्या धडकेनेही ते हलत नसे.

"पहिला दिवा दोघांनी मिळून शिवले तरच लागावा," वज्रजट म्हणाला.

चारुमतीने नदीपासून दिव्यापर्यंत एकच पाट काढला आणि त्यात दोन दारे एकामागे एक बसवली. ती एकटी शिवली, तर उजेड दुसऱ्या दाराशी अडला. राघूने आपल्या स्फटिकावर चोच टेकवली आणि दिवा लागला.

"ताई, माझ्यावाचून तुझे चालत नाही."

"कधी चालले होते?"

"दुसरा, दोघांपैकी कोणीही शिवले तरी लागावा," वज्रजट म्हणाला.

तिने पाटाला दोन फाटे काढले, प्रत्येकावर एक दार बसवले आणि पुढे फाटे जुळवले. कोणतेही दार उघडो, उजेड पोचू लागला. राघू मात्र गप्प.

"कुवलया?"

त्याने नुसती शीळ घातली. चारुमतीचे डोळे भरून आले, पण हात थांबले नाहीत.

"तिसरा, कोणी न शिवता जळावा. राघू शिवताच विझावा."

ती गोंधळली. दारे तर उजेड आणणारी, विझवणारे दार कुठून आणावे? तोच तिला महालाखालची खोल दरी दिसली. तिने दिव्याकडे अरुंद पाट नेला आणि दिव्याच्या अलीकडे दरीत उतरणारा रुंद पाट फोडून त्यावर दार बसवले. दार मिटलेले, म्हणून दिवा जळू लागला.

"आता विझव," वज्रजट हसला.

राघूला शब्द कळेनात. तेव्हा चारुमतीने हळूच त्याची मान खाजवली. लहानपणी कुवलयाला ती अशीच निजवीत असे. राघूने सुखाने डोळे मिटले, मान खाली घातली, चोच स्फटिकावर टेकली. दार उघडले, सारा उजेड दरीत कोसळला, दिवा विझला. तिने बोट उचलले, राघूने मान वर केली आणि दिवा पुन्हा उजळला.

त्या उजेडात कुवलय उभा होता.

वज्रजटाने वचन पाळले. नदी आपल्या पात्रात परतली, घरोघरी दिवे लागले, राजाराणींनी लेकरांना पोटाशी धरले.

"ताई," कुवलय कुजबुजला, "मान अजून जरा खाजव ना."

चारुमतीने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग कितीतरी वेळ त्याची मान खाजवली.