ओठ न लावता

सन १९५७, ऑक्टोबर महिना. इंग्लंडात पानगळ सुरू होती आणि फ्लूची साथ ऐन भरात होती. मिरजेची परिचारिका इंदुमती साळवी उत्तरेकडील एका रुग्णालयात उमेदवारी करीत होती. मुख्य डॉक्टर व्हिटकॉम यांचा शेरा अनुकूल पडला तर नोकरी कायम, नाही तर परतीची बोट.

एके दुपारी भोजनगृहात ती नेहमीप्रमाणे पेला उंच धरून वरून पाणी पिऊ लागली. शेजारच्या टेबलावर खसखस पिकली. तिला ठसका लागला आणि पाणी नाकातोंडात गेले. नेमके तेव्हाच डॉक्टर समोर उभे.

"सिस्टर, मोरीत ओतल्यासारखे पाणी आमच्याकडे कोणी पीत नाही. पेला ओठांना लावायला शिका. ते न जमणारी परिचारिका मला नको."

इंदुमतीने ॲप्रनला तोंड पुसले. "आजपासून लावते, डॉक्टरसाहेब. फक्त आज सकाळी आपण वॉर्डांत लावलेली सूचना तेवढी उतरवायला सांगावी."

"कोणती सूचना?"

"दुसऱ्याच्या उष्ट्या पेल्याने पाणी पिऊ नये, ही. वॉर्डात चार रोग्यांत एक पेला आहे. आमच्या घरी आठ माणसांत एक तांब्या होता. आईने भिंतीवर सूचना लावली नाही, वरून प्यायला शिकवले."

खसखस थांबली. डॉक्टरांनी स्वतः पेला उचलून पाहिला. पाणी तोंडाखेरीज सर्वत्र गेले.

दुसऱ्या दिवसापासून उठून बसू शकणाऱ्या रोग्यांना वरून प्यायला शिकविण्याचे काम इंदुमतीकडे आले. शुक्रवारी, १५ नोव्हेंबर रोजी, डॉक्टरांनी तिच्या कायम नेमणुकीवर सही केली. त्यांचा टाय तेव्हाही ओलाच होता.