लाल शालीची किंमत

“आता आणखी काय बघायचं राहिलंय, उस्ताद?” श्रीधरने भिंग खिशात टाकलं.

उस्ताद हैदरसाहेब मुजावर अजून चित्राकडेच बघत होते. मिरजेतल्या त्या माडीवर पन्नास वर्षं ते जुनी तैलचित्रं दुरुस्त करत आले होते. श्रीधर मेढेकर त्यांच्याच हाताखाली शिकला, मुंबईला गेला आणि आता लिलावाला येणाऱ्या चित्रांच्या किमती ठरवत होता. नुसती नजर टाकून आकडा सांगतो, असं लोक त्याच्याबद्दल बोलायचे. ते त्याच्याही कानावर होतं.

चित्र एका तरुण बाईचं. खुर्चीत बसलेली, मांडीवर घडी घातलेली लाल शाल. ती कुमुदिनी लाटकरांची आई. कुमुदिनीबाई सांगलीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. आई गेली आणि घरातल्या चीजवस्तूंच्या वाटण्या निघाल्या. धाकट्या भावाला चित्र विकायचं होतं. बाईंना ते ठेवायचं होतं, त्याच्या हिश्शाचे पैसे देऊन. त्यासाठी श्रीधर किमतीचा दाखला द्यायला आला होता. भाऊ वर आलाच नव्हता, खाली गाडीत बसून होता.

“दीड लाख,” श्रीधर म्हणाला.

बाईंनी सुस्कारा सोडला. तेवढं त्यांना जमण्यासारखं होतं.

“शाल बघितलीस?” उस्तादांनी विचारलं.

“बघितली. सगळ्यात कच्चं काम तेच आहे.”

“का कच्चं आहे?”

श्रीधरने चित्र उचललं, खिडकीशी नेलं आणि उजेड बाजूने पडेल असं तिरकं धरलं. शालीच्या घड्या एकीकडे जात होत्या, रंगाचे उंचवटे भलतीकडेच. एक गोल उंचवटा. त्याच्या खाली एक इवलीशी मूठ.

“मूल आहे. शालीखाली मूल आहे, उस्ताद.” त्याचा आवाज चढला. “शाल काढली तर चार लाखांना मरण नाही. आठ दिवसांचं काम. मीच करतो.”

कुमुदिनीबाईंनी पदर सारखा केला.

“तो आमचा थोरला भाऊ,” त्या म्हणाल्या. “दीड वर्षाचा होऊन गेला. सुनेला रोज नजरेसमोर नको, म्हणून आजोबांनी त्याच चित्रकाराला बोलावून झाकून घेतलं. आईने मला सांगितलं ते अगदी शेवटी, दवाखान्यात.”

“आणि धाकट्याला?” उस्तादांनी विचारलं.

“त्याला नाही. तिनेही नाही सांगितलं... मीही नाही.”

उस्ताद उठले. शालीच्या कडेला एका जागी रंगाचा टवका उडाला होता, तिथे त्यांनी बोट दाखवलं.

“इथं बघ. आत काय चमकतंय?”

श्रीधर वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला.

“वॉर्निश. दोन रंगांच्या मधे वॉर्निश आहे.”

“मग?”

“चित्रकाराने मूल खरवडलं नाही. आधी त्याच्यावर वॉर्निशचा हात दिला, वाळू दिलं, आणि मग वर शाल रंगवली. तीही पातळ. पुसली तर पुसून निघेल अशी.” तो थांबला. पुढचं हळू बोलला. “पोराला धक्का लागू नये म्हणून.”

खाली गाडीचा हॉर्न वाजला.

“चार लाख झाले तर मला नाही झेपायचं,” कुमुदिनीबाई म्हणाल्या. “पण खोटं लिहा, असं मी म्हणणार नाही.”

श्रीधरने दाखल्याचा कागद पुढे ओढला. दीड लिहावेत तर दिसलेलं दडवल्यासारखं होत होतं. चार लिहावेत तर शाल पुसायला आपणच सांगितल्यासारखं. पेन कागदाला टेकलं आणि तसंच राहिलं. एरवी चित्र उलगडायच्या आत त्याच्या तोंडी आकडा यायचा. आज येत नव्हता.

“काय लिहू, उस्ताद?”

उस्तादांनी कागद त्याच्या हाताखालून काढून घेतला.

“गाडीतल्या साहेबांना वर बोलव. वाटणी दोघांत नाही, तिघांत आहे.”