माळावर मांडलेला देश

त्या देशात वाट कुणी लक्षात ठेवत नसे. पाणी कुठे आहे, कुठला कडा ढासळतो, नदीला उतार कुठे मिळतो, हे सगळं वाटेकडेच्या दगडांवर कोरलेलं असे आणि कळप दगड वाचत पुढे जात. दगडांची राखण एका सायाळीकडे होती. नवा मजकूर ती आपल्या काट्याने कोरी. दर हंगाम संपताना प्रत्येक दगडाचा ओल्या मातीत ठसा घेई आणि तो कोरड्या गुहेत जपून ठेवी.

एका वर्षी दगडांवर पांढरी बुरशी चढली आणि तिने अक्षरं खाल्ली. बरेचसे दगड कोरे झाले, काहींवर अर्धाच शब्द उरला, थोडे मात्र कसे कोण जाणे वाचले. त्याच सुमारास वरच्या रानातले झरे आटले होते. कळप उतरून खिंडीत येऊन थांबले होते. खुरांनी माती उडत होती, पिल्लं ओरडत होती. वाटा कधी उघडणार, असे निरोप सायाळीला सारखे येत होते.

ती मुंग्यांकडे गेली. मुंग्या थकत नसत, चुकत नसत आणि काही विचारतही नसत. एकदा सांगितलेलं पूर्ण होईपर्यंत त्यांची रांग मोडत नसे. सायाळ घाईत एवढंच म्हणाली, "जसा ठसा तसा दगड. सगळे."

मुंग्यांनी गुहेतले ठसे उचलले आणि त्या एकेक दगड त्याबरहुकूम कोरत सुटल्या. पहिल्या वाटेचे दगड होताच खिंड उघडली. पहिला मान चितळांचा होता. त्यांची म्होरकी मुक्ता पुढे आणि तिचं पाडस तिच्याही पुढे. त्यांना जाताना पाहून सायाळीला बरं वाटलं. थोडा वेळच. मग तिला तळ्याकाठचा दगड आठवला.

तळ्याचा काठ याच हंगामात खचला होता. तिथे उतरू नका, असं तिने स्वतः कोरलं होतं. बुरशीने त्या दगडाला हातही लावला नव्हता. पण गुहेतला ठसा मागच्या हंगामाचा होता.

ती धावत सुटली. वाटेत मुंग्यांना थांबा म्हणाली, पण त्यांना थांबण्याबद्दल आधी कुणी सांगितलं नव्हतं. ती तळ्यावर पोचली तेव्हा तिचं वाक्य खरवडलेलं होतं, त्या जागी जुना मजकूर सुबक उठला होता आणि चितळं चिखलापासून दूर, एकमेकांना चिकटून उभी होती. पाडस त्यांच्यात नव्हतं.

"दगडावर काठ पक्का आहे असं लिहिलंय," मुक्ता म्हणाली.

"मागच्या हंगामात होता."

"आम्ही आज आलो, बाई."

मुक्ता वळली, कळपाला घेऊन खिंडीत परत गेली आणि वाटेत आडवी उभी राहिली. मागचे कळप चिडले. तहानेने मरण्यापेक्षा दगडांवर विसंबून निघू, असं रानडुकरं म्हणत होती. एकाने तिला धक्काही दिला. ती हलली नाही.

काही बिघडलं तर मागे येता यावं म्हणून सायाळीने या वेळी आधी सगळ्या दगडांचे आज जसे होते तसे ठसे घेतले, चुकलेल्यांचेसुद्धा. कळपांना तो वेळेचा अपव्यय वाटला आणि त्यांनी तसं ऐकवलंही. मग तिने मुंग्यांना खिंडीशेजारच्या ओसाड माळावर नेलं. तिथून कुणाची वाट जात नव्हती. गुहेतल्या जुन्या ठशांवरून तिथे कोरे दगड कोरून घेतले आणि खऱ्या वाटेवर असतात त्याच क्रमाने उभे केले. मुंग्यांना तिने सांगितलं, की एकेक दगड तपासला जाईल. तिने होकार दिला तर तेवढाच मजकूर खऱ्या दगडावर न्यायचा आणि पुढच्या होकारासाठी थांबायचं.

वाट पाठ नसली तरी खिंडीपलीकडच्या खोऱ्यातून अलीकडे चालून गेलेल्यांना तिने माळावरचे दगड वाचत चालायला आणि खटकेल तिथे थांबायला बोलावलं. पहिल्यांदा कुणीच येईना. मग मुक्ता उतरली, तिच्या मागोमाग तिचा कळप आणि शेवटी कुरकुरत रानडुकरं.

ऊन चढलं होतं. कोरड्या माळावरून तहानलेले कळप दगड वाचत चालले. पाणी लिहिलेल्या जागी त्यांनी धुळीत मान खाली घातली, थोडं थांबून वर उचलली आणि ते पुढे गेले. नदीच्या उताराच्या दगडापाशी, जिथे गुडघाभर पाणी असं कोरलेलं होतं, तिथे एक म्हातारं रानडुक्कर थबकलं. त्याने पुढचा पाय वर उचलला आणि त्या सपाट, तापलेल्या जमिनीवर तो टेकवेना. मागची सारी रांग थांबली. सायाळ वळून दगडाकडे आली, आणि बाजूला मुंग्या तोंडात माती धरून उभ्या राहिल्या.