कप्तानाचा ठोका

एका गावाबाहेरच्या माळावर एक अवकाशयान उभं होतं. ते प्लायवूडचं होतं. त्याला वरून चंदेरी रंग फासला होता, इंजिनाच्या जागी कपडे धुण्याच्या जुन्या यंत्रांची पिंपं बसवली होती आणि कप्तानाची खुर्ची एका बंद पडलेल्या केशकर्तनालयातून उचलून आणली होती. ते यान जागचं तसूभरही हललं नव्हतं. तरी सोळा वर्षं, दर गुरुवारी संध्याकाळी साडेसातला, घरोघरच्या लोकांनी ते आकाशात झेपावताना पाहिलं होतं. मालिकेचं नाव होतं ‘ध्रुवापलीकडे’.

यानाचे कप्तान रुद्र म्हणजे नट त्र्यंबकराव सामंत. त्यांच्या डाव्या हाताला उपकप्तान बसत. ते सदानंद पेडणेकर, सेटवर सगळ्यांचे सदाभाऊ. सदाभाऊंचं काम लहान, पण नेमाचं. यान उडायच्या आधी ते म्हणत, “यान सज्ज आहे, कप्तान!” हे वाक्य त्यांनी आठशेहून जास्त वेळा म्हटलं होतं आणि एकदाही चुकवलं नव्हतं.

त्या वाक्याच्या आधी यायचा तो कप्तानाचा ठोका. त्र्यंबकराव मूठ वळायचे, समोरच्या पॅनेलवर दोनदा ठोकायचे, आणि पॅनेलवरचे सगळे निळे दिवे भपकन लागायचे. लोकांना तो ठोका भारी आवडला होता. मुलं पेपर लिहायच्या आधी बाकावर दोन ठोके मारत. रिक्षावाले सकाळी पहिलं गिऱ्हाईक घेताना हँडलवर मारत. एका नवरदेवाने तर बोहल्यावर चढताना पाटावर दोन ठोके मारले होते, आणि भटजींनी हरकत घेतली नव्हती. ते स्वतःच दर गुरुवारी साडेसातला घरी असायचे.

खरी गोष्ट अशी, की चौदा वर्षांपूर्वी पॅनेलमधली एक वायर सैल झाली होती. ती नीट करायची तर अख्खं पॅनेल उघडावं लागेल, त्यात पूर्ण दिवस जाईल, असं लाइटदादांनी तेव्हा सांगितलं. शूटिंग थांबवायला कोण तयार होणार? मग त्र्यंबकरावांनीच शोधून काढलं, की तिसऱ्या तबकडीच्या खाली चार बोटं अंतरावर दोनदा जोरात ठोकलं, की दिवे लागतात. ती जागा त्यांना माहीत होती आणि शेजारी बसणाऱ्या सदाभाऊंना. बाकीचे सगळे त्याला अभिनय समजत होते.

सोळा वर्षांनी त्र्यंबकरावांच्या गुडघ्यांनी संप केला. त्याच महिन्यात यानावरच्या डॉक्टरीण बाई लग्न करून परदेशी गेल्या आणि यंत्रमानवाला सिनेमात काम मिळालं. दिग्दर्शिका विभाताईंनी आणि लेखकांनी डोकं धरलं, चहा प्यायला, पुन्हा डोकं धरलं. शेवटी कप्तान रुद्र एका निळ्या ग्रहावर भातशेती करायला उतरले. डॉक्टरीणबाईंनी तिथल्याच राजाशी लग्न केलं. यंत्रमानवाचं चार्जिंग संपलं.

निघताना त्र्यंबकरावांनी सदाभाऊंना बाजूला घेतलं. “सदा, ती जागा नव्या माणसाला दाखव बरं का.”

“दाखवतो की,” सदाभाऊ म्हणाले.

त्यांना वाटलं होतं, नवा माणूस म्हणजे आपणच. सोळा वर्षं शेजारी बसल्यावर दुसरं काय वाटणार?

नवी कप्तान म्हणून शाल्मली आली. तीस-बत्तीसची, नाटकातून आलेली, आवाज खणखणीत. वाहिनीने चारच भाग दिले होते. तेवढ्यात लोकांना नवा कप्तान रुचला नाही, तर यान मोडायचं आणि त्या जागी दुसऱ्या एका मालिकेतल्या सासूबाईंचा दिवाणखाना उभारायचा, असं ठरलं होतं. दिवाणखान्याची झुंबरं आधीच येऊन गोदामात पडली होती. यानावर चाळीस माणसांची चूल पेटत होती, त्यामुळे येता-जाता सगळे त्या झुंबरांकडे डोळे वटारून बघत.

पहिल्या दिवशी शाल्मली खुर्चीत बसली. मूठ वळली. दोनदा ठोकलं.

दिवे लागले नाहीत.

पुन्हा ठोकलं. जरा वर, जरा खाली. जोरात, हळू. अकरा वेळा झालं. बारा वाजता नारळ फोडला. त्यानेही काही झालं नाही. मग सेटवर कुजबुज सुरू झाली. “यानाला नवी कप्तान मानवली नाही,” लाइटदादा म्हणाले. चौदा वर्षांपूर्वी स्वतः काय सांगितलं होतं, ते त्यांच्या पार स्मरणातून गेलं होतं.

सदाभाऊ डाव्या खुर्चीत बसून होते. त्यांनी काही वावगं केलं नव्हतं. ते फक्त गप्प बसले होते.

जेवायच्या सुट्टीत शाल्मली आपला डबा घेऊन त्यांच्याजवळ आली. बोटांची पेरं लाल झाली होती.

“सदाभाऊ, मी करताना काही चुकतंय का?”

“ठोका तर तसाच मारतेस,” सदाभाऊ म्हणाले आणि भाजीत मीठ जास्त पडल्यासारखं तोंड केलं. भाजी चांगली होती.

संध्याकाळी घरी चहा घेताना त्यांनी बायकोला, मंदाताईंना, दिवसभराची गंमत सांगितली. निदान ते त्याला गंमतच म्हणत होते.

“नवीन बाई. अकरा वेळा ठोकलं, दिवा काही लागला नाही. विभाताईंचा चेहरा बघायला हवा होता.”

मंदाताई मेथी निवडत होत्या. “अहो, पण ती जागा तुम्हाला माहीत आहे ना?”

“आहे.”

“मग सांगितलीत का नाही?”

“जागेचं तिने कुठे विचारलं?”

मंदाताईंनी आणखी दोन काड्या निवडल्या. मग म्हणाल्या, “मी या घरात आले ना, तेव्हा स्वयंपाकघरातलं पिठाचं कपाट मला उघडता यायचं नाही. ओढून ओढून हात दुखायचे. सगळे हसायचे, सुनेच्या हातात जोरच नाही म्हणायचे. तुम्हीसुद्धा हसला होतात. चार महिन्यांनी तुमच्या आईंनी सांगितलं, अगं, दार खालून जरा उचलायचं आणि मग ओढायचं. मी म्हटलं, आधी का नाही सांगितलंत? तर म्हणाल्या, तू कुठे विचारलंस?”

सदाभाऊंनी चहा संपवला. कपात काही उरलं नव्हतं, तरी आणखी एकदा तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सांगून टाकायचं असं मनाशी ठरवूनच ते सेटवर आले. पण गेटातच विभाताई उभ्या होत्या.

“सदाभाऊ, रात्री वाहिनीशी बोलणं झालं. असं चालायचं नाही म्हणतात. कथा बदलतोय. तुम्हीच कप्तान. शाल्मली उपकप्तान होईल, ती तयार आहे. जमेल ना?”

सोळा वर्षं ज्या प्रश्नाची वाट पाहिली, तो असा गेटात, मेकअपच्या आधीच समोर आला. सदाभाऊंच्या तोंडून ‘जमेल’ कधी निघून गेलं, त्यांचं त्यांनाही कळलं नाही. सांगायचं ठरवलेलं मागे राहिलं. नंतर सांगू, असं त्यांनी स्वतःला समजावलं. नंतर म्हणजे केव्हा, ते मात्र स्वतःला विचारलं नाही.

कप्तानाचा कोट अंगावर आला. खांद्यात जरा सैल होता. न्हाव्याच्या त्या खुर्चीत ते बसले. खुर्ची वाटली होती तेवढी मऊ नव्हती. सगळा सेट श्वास रोखून उभा होता.

सदाभाऊंनी मूठ वळली. तिसऱ्या तबकडीच्या खाली, चार बोटं अंतरावर, दोनदा ठोकलं.

निळे दिवे भपकन लागले.

“ओळखलं! यानाने आपला माणूस ओळखला!” लाइटदादा ओरडले. टाळ्या पडल्या. एकाने शिट्टी मारली. मेकअपवाल्या बाईंनी डोळे पुसले. चाळीस चुली वाचल्या होत्या.

टाळ्या थांबल्या, तशी शाल्मलीने डाव्या खुर्चीतून मान वळवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हेवा नव्हता. दिवे लागले म्हणून तीही सगळ्यांसारखीच खूश दिसत होती. पेरं अजून लालच होती. ताठ बसून, खणखणीत आवाजात ती म्हणाली,

“यान सज्ज आहे, कप्तान!”

हे वाक्य सदाभाऊंनी आठशेहून जास्त वेळा म्हटलं होतं. ऐकलं मात्र आज पहिल्यांदाच.

ते खुर्चीतून उठले. “कॅमेरा थांबवा,” म्हणाले.

“काय झालं?” विभाताई पुढे आल्या.

“यानाने कुणाला ओळखलंबिळखलं नाही. आत वायर सैल आहे. या इथे ठोकलं, की दिवे लागतात. चौदा वर्षं झाली. त्र्यंबकरावांनी जाताना मला सांगितलं होतं, नव्या माणसाला दाखव म्हणून. मी दाखवलं नाही.”

लाइटदादा पॅनेलकडे असे बघत होते, जणू ते आत्ताच कुणीतरी तिथे आणून ठेवलं असावं.

“काल माझा अख्खा दिवस गेला, सदाभाऊ,” विभाताई म्हणाल्या.

“हो.”

“वाहिनीपुढे मी या मुलीला नापास करून आले.”

“हो.”

“आणि आज खुर्ची तुमच्याकडे चालत आली होती. मग आता बोललात कशाला?”

सदाभाऊ कोटाची बटणं काढत होते. “ती मला म्हणाली, यान सज्ज आहे. आणि मला ठाऊक होतं, की ते नाही.”

विभाताई त्यांना आणखी बरंच बोलल्या. ते सगळं रास्त होतं, आणि सदाभाऊंनी ते मान खाली घालून ऐकून घेतलं. मग ते शाल्मलीपाशी गेले, कोट तिच्या हातात दिला आणि म्हणाले, “चुकलं माझं. तुझ्या हाताला दुखलं, ते माझ्यामुळे.”

शाल्मलीने कोटाकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. “सदाभाऊ, मी काल विचारलं होतं की हो तुम्हाला.”

“विचारलं होतंस,” सदाभाऊ म्हणाले. यावर ‘कुठे विचारलं’ असं म्हणायची सोय नव्हती.

विभाताईंनी वाहिनीला फोन करून शाल्मलीलाच पुन्हा कप्तान केलं आणि पॅनेल उघडायला लावलं. ज्याला पूर्ण दिवस लागेल असं चौदा वर्षं सांगितलं जात होतं, ते काम चाळीस मिनिटांत झालं. पुष्कळशा कामांचं असंच असतं. आता पॅनेलवर एक साधं बटण आलं. दाबलं की दिवे लागत.

“ठोका मात्र ठेवायचा हं,” विभाताई म्हणाल्या. “लोक त्याचीच वाट बघतात. आधी ठोका, मग हळूच बटण.”

शाल्मली खुर्चीत बसली. मूठ वळली, वर उचलली, आणि तशीच खाली आणली.

“हा त्यांचा ठोका आहे, विभाताई. त्यांना गरज होती म्हणून ते मारायचे. मी मारला तर ती नुसती नक्कल होईल. मला एकदा माझ्या पद्धतीने करू द्या. नाही आवडलं, तर ठोकते.”

“एकदाच,” विभाताई म्हणाल्या.

कॅमेरा सुरू झाला. शाल्मलीने समोर पसरलेल्या काळ्या पडद्याकडे पाहिलं. त्यावर भोकं पाडून चांदण्या केल्या होत्या. मग ती डावीकडे वळली आणि कागदावर कुठेही लिहिलेलं नव्हतं ते बोलली.

“सदाभाऊ, निघायचं?”

खरं तर उपकप्तानाचं नाव मालिकेत काहीतरी वेगळंच होतं. ते इतकी वर्षं कुणी उच्चारलंच नव्हतं, त्यामुळे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

सदाभाऊंना आजवर कुणी विचारलं नव्हतं. कप्तान ठोकायचे, दिवे लागायचे, आणि मग ते सज्ज आहे म्हणायचे. आज दिवे अजून लागायचे होते, आणि कप्तान त्यांच्या उत्तरासाठी थांबली होती. पाठ असलेलं ते एकुलतं एक वाक्य म्हणण्याआधी त्यांनी पहिल्यांदाच पॅनेलवर नजर फिरवली.

“यान सज्ज आहे,” ते म्हणाले, “कप्तान.”

शाल्मलीने बटण दाबलं. विभाताईंनी पुन्हा टेक मागितला नाही.

त्या गुरुवारी भाग दिसला, आणि सोमवारपासून तक्रारींची पत्रं सुरू झाली. ठोका कुठे गेला? बाकावर आता काय करायचं, असं एका शाळकरी मुलीने विचारलं होतं. दुसऱ्या भागानंतर पत्रं कमी झाली. तिसऱ्या भागात डॉक्टर म्हणून एक टक्कल पडलेले गृहस्थ आले, तर लोक त्यांच्याबद्दलच तक्रार करू लागले. चौथ्या भागानंतर सासूबाईंची झुंबरं टेम्पोत घालून दुसऱ्या गावी रवाना झाली. चाळीसच्या चाळीस माणसं त्यांना निरोप द्यायला गेटापर्यंत आली होती. सदाभाऊंनी तर हातही हलवला.

पुढे पुढे लोकांना नवी सवय लागली. स्कूटरवर बसलेली माणसं किल्ली फिरवायच्या आधी मागे वळून विचारू लागली, “निघायचं?” मंदाताईंनाही एका रविवारी बाजाराला जाताना कुणीतरी असं विचारलं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. त्या म्हणाल्या, “थांबा जरा, पिशवी घेते.” आणि स्वयंपाकघरात जाऊन त्या थोडा वेळ तिथेच हसत उभ्या राहिल्या.

एकदा त्र्यंबकरावांचा फोन आला.

“सदा, ठोका काढलात म्हणे!”

सदाभाऊंनी खुर्ची सरकवून घेतली. रागाची तयारी ठेवून ते म्हणाले, “हो. वायर नीट करून घेतली.”

पलीकडून त्र्यंबकराव गडगडून हसले. “बरं केलंत रे बाबा! चौदा वर्षं दर भागाला माझी बोटं सुजायची. कुणाला सांगायची सोय नव्हती.”

तात्पर्य: नव्या माणसाला दार उघडत नसेल, तर त्याच्या हातातला जोर मोजत बसू नये, दार कुठून उचलायचं, ते त्याला पहिल्याच दिवशी दाखवावं. त्यामुळे आपली जागा जात नाही. आणि दार एकदा उघडलं, की ते कसं उघडायचं हे त्याचं त्याला ठरवू द्यावं.