शेवटच्या दोन गाठी

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगायला आज कुणी उरलेलं नाही.

त्या राज्यात नदीकाठच्या गावांना दर वर्षी पुराचा फटका बसे आणि घरात ठेवलेलं बियाणं वाहून जाई. म्हणून राजाने पलीकडच्या डोंगरावर एक कोठार बांधलं. सुगी झाली, की लोक बियाण्याच्या टोपल्या होडीने पलीकडे पाठवत. नावाडी दर टोपलीमागे दोरीला एक गाठ मारी. टोपली वर पोचली, की कोठार सांभाळणारा कोठावळा काठीवर एक खाच पाडी. पेरणीआधी सगळ्यांसमोर गाठी आणि खाचा मोजत आणि मग ज्याच्या त्याच्या टोपल्या परत देत.

कोठावळा सचोटीचा माणूस होता. त्याच्या हातून एक दाणा इकडचा तिकडे झाला नव्हता, आणि हे त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं.

एका वर्षी मोजणीच्या आदल्या दिवशी नावाड्याने दोरी आणून दिली. कोठावळ्याने सहज मोजून पाहिलं. खाचांपेक्षा गाठी दोन जास्त! पुन्हा मोजलं, तरी तेच.

"नावाड्याला विचारा ना," बायको म्हणाली.

"काय विचारू? कोठारात दोन टोपल्या कमी भरतात म्हणून? उद्या सगळा मुलूख मला चोर म्हणेल."

त्याने घरच्या बियाण्यातल्या दोन टोपल्या कोठारात नेऊन ठेवल्या आणि काठीवर दोन खाचा पाडल्या. आपण आपलंच दिलं, कुणाचं घेतलं तर नाही, अशी त्याने मनाची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी मोजणी चोख जुळली. लोकांनी कोठावळ्याची वाहवा केली, आपापल्या टोपल्या उचलल्या आणि ते पेरणीला लागले.

पावसाळा सरत आला तेव्हा खोलगटातल्या चिमुकल्या वाडीची एक म्हातारी डोंगर चढून आली.

"कोठावळेदादा, आमच्या शेतात कमरेएवढं पाणी साचतं. आमचं भात त्यातही उभं राहतं, माझ्या आजीच्या वेळेपासून. औंदा सगळं कुजलं. तुम्ही दिलेल्या दोन टोपल्या आमच्या नव्हत्या."

"भात तर सगळं सारखंच दिसतं, आजी."

"दिसतं सारखंच. पाण्यात कळतं."

दोन टोपल्या! कोठावळ्याचा चेहरा उतरला. त्याने दोरी आणि काठी शेजारी शेजारी मांडली आणि पहिल्यापासून एकेका गाठीसमोर एकेक खाच धरत गेला. सगळ्यांच्या जोड्या लागल्या. शेवटच्या दोन गाठींसमोर मात्र त्याने स्वतः पाडलेल्या दोन खाचा होत्या. मग तो म्हातारीला घेऊन नावाड्याकडे गेला आणि त्या दोन गाठींबद्दल त्याने विचारलं.

"शेवटची खेप ना?" नावाडी म्हणाला. "वाडीचं भात उशिरा पिकतं. होडी लागली तेव्हा तुमचे हमाल घरी गेले होते. टोपल्या घाटाजवळच्या गुहेत ठेवल्या. मोजणीत दोन गाठी जास्त निघतील, तेव्हा सांगू म्हटलं. पण मोजणी जुळली. मला वाटलं, तुम्ही टोपल्या वर नेल्यात."

तिघं गुहेत गेली. ओलीने भात टोपल्यांतच उगवलं होतं. पांढरेफटक कोंब उजेड शोधत वर आले होते आणि तसेच कुजले होते. कोठावळा रडू लागला. म्हातारीने हाताने ती कूज बाजूला केली. अगदी मधोमध मूठभर दाणे कोरडे राहिले होते.

"चोरी केली असतीत, तर निदान आम्ही तुम्हाला धरलं असतं," ती म्हणाली. "तुम्ही जुळवलंत, म्हणून कुणी शोधायलाच गेलं नाही."

त्या वर्षी वाडीतली बरीच घरं कुलूप लावून पोटामागे परमुलखात गेली. त्यातली काही परत आलीच नाहीत. कोठावळ्याने ते मूठभर दाणे वाडीच्या पाण्यात स्वतःच्या हाताने लावले, राखले, पुन्हा लावले. त्या दाण्यांची एक टोपली भरायला कितीतरी सुग्या जाव्या लागल्या. ती भरलेली टोपली बघायला म्हातारी राहिली नाही.

त्यानंतर मोजणीत गाठ जास्त निघाली, की आधी कोठावळाच उठून उभा राही आणि साऱ्या गावांसमोर मोठ्याने विचारी, "ही गाठ कुणाची?"

हिशेबातला फरक पदरचं घालून भरला, तर तो नुसता झाकला जातो. त्याचं कारण शोधलं, तरच तो मिटतो.